गरीची काठी निवडताना

गरी घेऊन खाडीच्या काठी तासन् तास बसणाऱ्या माणसाला आमच्या मालवणी मुलखात कोणी फारसे कामाचे समजत नाही. घरची माणसे म्हणतात, मासे हवेत तर बाजारात मिळतात. शेजारी म्हणतात, याला मासे नकोतच, घरातून सुटका हवी आहे. दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो. पण आज मी बोलणार आहे ते या हौसेविषयी नव्हे, तर या हौसेच्या मुख्य साधनाविषयी, म्हणजे काठीविषयी. आणि त्याला निमित्त झाले एका विद्यार्थ्याचे.

हा मुलगा कालावलच्या खाडीकाठचा. आंब्याच्या हंगामात कलमांच्या बागेत पेट्या भरायचे काम करून त्याने चार पैसे साठवले होते. मे महिन्याच्या अखेरीस तो माझ्या घरी आला आणि म्हणाला, “सर, स्पिनिंगची एक काठी घ्यायची आहे. पण एकच. खाडीत चालली पाहिजे, पुळणीवर चालली पाहिजे आणि वेळ आलीच तर खडपावरही. कोणती घेऊ?” मामाच्या होडीतून पाहुण्यांना गरवायला न्यावे, असा त्याचा पुढच्या हंगामाचा बेत होता. म्हणजे त्याच्या लेखी ही हौस नव्हती, भांडवल होते. चुकीची काठी घेतली असती, तर सबंध हंगामाची मजुरी पाण्यात गेली असती.

मी अर्थशास्त्र शिकवतो. थोड्या पैशांत अनेक गरजा कशा भागवाव्या, हा आमच्या विषयाचा पहिला धडा. पण काठी घेताना मी स्वतः तो धडा साफ विसरलो होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शहरातल्या एका दुकानातून बारा फुटांची, मनगटाएवढी जाड काठी घेऊन आलो. “हिने शार्कसुद्धा निघेल,” असे मला सांगण्यात आले होते. मला शार्क काढायचा नव्हता, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तिथे ती काठी घेऊन मी उभा राहिलो. हलके आमिष लावले तर ते वीस हातांपलीकडे जाईना. तासाभरात मनगट भरून आले. आणि शेवटी जेव्हा खरोखरच चोणक लागला, तेव्हा त्याने एक हिसका दिला, काठी तसूभरही वाकली नाही आणि दोरा कडकन तुटला. गरी माशाच्या तोंडातच गेली.

शेजारी होडी ओढीत असलेले तात्या हे सारे पाहत होते. ते म्हणाले, “मास्तरानू, ही काठी न्हय, वासो आसा. काठी वाकाक होई. माशाक ताकद दाखवूची नसता, तेका दमवूचो असता.”

श्रोतेहो, काठी निवडण्याचे सगळे शास्त्र या तीन वाक्यांत आहे. पुढे मी जे सांगणार आहे, तो त्यावरचा विस्तार समजा.

प्रथम आपण कोणत्या माशासाठी काठी घेतो ते पाहू. इंग्रजी पुस्तकांत ‘बास’ या माशाची फार वर्णने असतात. त्यांतला अमेरिकेतला काळा बास गोड्या पाण्यातला. तो आपल्या खाडीत नाही. पण इंग्रजीत ज्याला आशियाई सी-बास म्हणतात, तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. आमच्या बाजूला आणि गोव्यात तो चोणक, रायगडात जिताडा, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. हा मासा खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यात वावरतो, कांदळवनाच्या मुळांशी किंवा एखाद्या खडकाच्या आड दबा धरून बसतो आणि कोळंबी वा लहान बोय समोर आली की झडप घालतो. त्याच्याच शेजाराला तांबोशी असते. ती तर आमिष तोंडात घेतल्याबरोबर माघारी वळून मुळांत शिरते. तेव्हा आपल्याला काठी हवी ती अशी, की जी पहिल्या क्षणी माशाला मुळांपासून अडवील आणि नंतर त्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर वाकून दोरा सांभाळील.

अडवायचे आणि वाकायचे! या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात, नाही का? पण आपल्या वाडवडिलांच्या काठीत त्या दोन्ही होत्या. सिंधुदुर्गात घरोघर माणगा नावाचा बांबू लावलेला असतो. हा बांबू आतून जवळजवळ भरीव, सरळ वाढणारा आणि बिनकाट्याचा. त्याचा शेंडा लवचीक आणि बुंधा ताठ. अशा बांबूच्या किंवा चिव्याच्या सुकवलेल्या काठीला तंगूस बांधली की झाली गरी तयार. शेंडा वाकतो, बुंधा अडवतो. आजची महागातली महाग काठीसुद्धा हेच करते. फक्त अधिक हलकेपणाने आणि अधिक लांबून.

हिंदुस्थानातल्या बांबूला या बाबतीत जगात मान होता, हे शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना अवश्य सांगावे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर कलकत्त्याहून जाणारा बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठ्या बनवीत. त्याला ते ‘कलकत्ता केन’च म्हणत. पुढे त्याची जागा चीनमधल्या टोंकिन वेताने घेतली. १८७३ साली मद्रास मुलकी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे आपल्याकडच्या गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक मंगळुरात छापून प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या काठ्या आल्या आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनच्या.

आता ‘स्पिनिंग’ म्हणजे काय? स्पिन म्हणजे गरगर फिरणे. पाण्यात गरगर फिरत येणारे आमिष ओढून माशाला फसवण्याच्या पद्धतीला हे नाव पडले. या पद्धतीला खरी गती दिली ती आल्फ्रेड इलिंगवर्थ या इंग्रज गृहस्थाने. त्याचा संबंध कापडगिरण्यांशी. गिरणीत बोबिन उभी स्थिर ठेवलेली असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जाते, हे पाहून त्याने १९०५ साली तसेच रीळ बनवले. जुन्या रिळात दोरा सोडताना सबंध रीळ फिरे. आमिष हलके असेल तर ते फिरतच नसे, आणि फार फिरले तर दोऱ्याचा गुंता होई. नव्या रिळात दोरा नुसता टोकावरून निसटतो. त्यामुळे दहा ग्रॅमचे आमिषही लांब जाते. हे रीळ काठीच्या खालच्या अंगाला लटकते आणि दोरा वेटोळी घेत सुटतो, म्हणून स्पिनिंगच्या काठीची मुठीजवळची पहिली कडी मोठी असते आणि पुढच्या कड्या लहान लहान होत जातात. दुकानात स्पिनिंगची काठी ओळखण्याची ही पहिली खूण.

दुसरी खूण मुठीच्या वर छापलेली असते. तिथे जे आकडे आणि अक्षरे असतात, त्यांकडे बहुतेक गिऱ्हाईक पाहतच नाहीत. ते काठीचा रंग पाहतात. या आकड्यांत तीन गोष्टी सांगितलेल्या असतात. पहिली लांबी. दुसरी, किती वजनाचे आमिष फेकायचे. आणि तिसरी, किती ताकदीचा दोरा लावायचा. आमिषाचे वजन ग्रॅममध्ये किंवा औंसात असते. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. दोऱ्याची ताकद बहुधा पौंडांत असते. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. मुलांना एकक-बदलाची उदाहरणे द्यायची असतील, तर पुस्तकातल्या कंटाळवाण्या गणितांपेक्षा ही बरी.

या तिन्हींचा एकेक विचार करू. लांबी वाढली की आमिष लांब जाते, म्हणून पुळणीवर लाटांपलीकडे फेकायला दहा फुटी काठी बरी. उलट कांदळवनात, होडीत बसून, फांद्यांखाली आमिष घालायचे तर साडेसहा-सात फूट पुरे. पण लांबीची किंमत मोजावी लागते. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी मला हे फळ्यावर समजावून दिले. काठी ही तरफ आहे. पुढचा हात हा टेकू समजा. तिथून शेंडा दोन मीटर पुढे आणि बुंधा चाळीस सेंटिमीटर मागे पोटाला टेकलेला. माशाने शेंड्याला काटकोनात एक किलोचा ओढा दिला, तर बुंध्याशी पाच किलोचा दाब येतो. म्हणजे ताठ आणि लांब काठीत माशाची ताकद पाचपट होऊन आपल्यावर उलटते. पण तीच काठी वाकली आणि ओढ्याचे अंतर दोन मीटरचे एक मीटर झाले, तर दाबही निम्मा होतो. तात्यांनी तरफेचा नियम वाचलेला नव्हता. त्यांच्या मनगटाला तो ठाऊक होता.

म्हणून एकच काठी घ्यायची, तर मी साडेसात ते आठ फुटांची सांगतो. होडीत ती थोडी लांब वाटेल आणि पुळणीवर थोडी तोकडी. पण दोन्हीकडे काम भागेल. ती दोन तुकड्यांची असावी, म्हणजे एस.टी.तून नेता येते. एकसंध काठी थोडी मजबूत असते हे खरे, पण कंडक्टरशी भांडण्यात ती मजबुती कामाला येत नाही.

आमिषाचे वजन दहा ते तीस ग्रॅम लिहिलेले असावे. आपले बहुतेक खोटे मासे आणि जिवंत कोळंबीबरोबरचे शिसे या टप्प्यात बसते. दोरा दहा ते वीस पौंडांचा, म्हणजे साधारण साडेचार ते नऊ किलोंचा. अक्षरे दिली असतील तर एल म्हणजे हलकी, एम म्हणजे मध्यम, एच म्हणजे जड; आपल्याला एम किंवा एम-एच चालेल. आणि वाक? काही काठ्या फक्त शेंड्याशी वाकतात, काही पार मुठीपर्यंत. नवशिक्याने वरचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग वाकणारी घ्यावी. अगदी शेंड्यापुरती वाकणारी काठी तरबेज हातात चांगली. आपल्या हातात ती दोरा तोडते.

कार्बन घ्यावे की काचतंतू? कार्बन हलके आणि ताठ, दिवसभर फेकले तरी हात दुखत नाही. पण होडीच्या काठावर आपटले तर आतून तडकते आणि पुढे ऐन माशाच्या वेळी मोडते. काचतंतू जड, पण सोशीक. दोन्हींचे मिश्रण असलेली काठी मिळते. पहिली काठी तशी घ्यावी. विशेषतः पाहुण्यांच्या हाती द्यायची असेल तर तशीच घ्यावी. आणि एक गोष्ट गाठीला बांधा: कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखालून काठी उभी धरून कधीही जाऊ नका, आणि आभाळ गडगडू लागले की काठी खाली ठेवून घर गाठा.

दुकानात काठी पारखायची कशी? शेंडा छताला टेकवून दाबणे ही परीक्षा नव्हे. त्याने चांगली काठीही मोडते. आपले रीळ बरोबर न्या. ते बसवून काठी तोलून पाहा. रिळाच्या बैठकीपाशी ती बोटावर तोलली गेली पाहिजे. मग दोरा सगळ्या कड्यांतून ओवून दुसऱ्याला हळूच ओढायला सांगा आणि वाक डोळ्यांनी पाहा. तो एकसारखा गोल असावा, मध्येच कोपरा दिसू नये. शेवटी थोडा कापूस प्रत्येक कडीतून फिरवा. कापसाचा तंतू अडकला, तर तिथे बारीक खरवड आहे असे समजा. तीच पुढे दोरा कापते.

रीळ तीन हजार किंवा चार हजार क्रमांकाचे पुरे. पैसे कमी असतील तर काठी मध्यम घ्या, पण रीळ आणि दोरा चांगला घ्या. विणलेल्या दोऱ्याच्या टोकाला वाव-दीड वाव जाड तंगूस, तीस-चाळीस पौंडांची, अवश्य बांधा. कारण चोणकाच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते. रिळाच्या ब्रेकला ड्रॅग म्हणतात. तो दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांशावर ठेवतात. नऊ किलोंचा दोरा असेल, तर सव्वादोन ते तीन किलो ओढल्यावर रिळाने दोरा सोडला पाहिजे. हे अंदाजाने करू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत ताणकाटा असतो. त्याला दोरा बांधून ओढा आणि आकडा वाचा. मुलांना बलाचा पाठ शिकवायला याहून चांगला प्रयोग मला तरी सुचत नाही.

मासा काठावर आला की काठी डोक्यामागे नेऊन उभी ओढू नका. तेव्हा सगळा भार एकट्या शेंड्यावर येतो, आणि बहुतेक काठ्या मोडतात त्या अशाच. घरी आल्यावर काठी आणि कड्या गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. खारे पाणी कोणाचीही गय करीत नाही.

आता शेवटचा मुद्दा. चोणकाची एक नवलाची गोष्ट शास्त्रज्ञांनी दाखवून दिली आहे. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, पुष्कळसा वाढल्यावर, मादी होतो. म्हणजे मीटरभराच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा चोणक हा बहुधा मादीच. एकेक मादी लाखो अंडी घालते आणि तीही पावसाळ्याच्या सुमारास, खाडीच्या मुखाशी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याने आपल्या पूर्व किनाऱ्यासाठी नियमच केला आहे की, ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी ठेवायचा नाही. आपल्याकडे नियमाची वाट कशाला पाहायची? मोठी मादी लागली तर फोटो काढा आणि सोडून द्या. पण सोडलेला मासा जगायला हवा, आणि इथेही प्रश्न काठीचाच येतो. काठी फार दुबळी असेल तर झुंज अर्धा तास चालते आणि मासा थकून मरतो. फार ताठ असेल तर दोरा तुटतो आणि माझ्या त्या चोणकासारखा मासा तोंडात गरी घेऊन जातो. बेताची काठी माशाला थोडक्यात आणते आणि धडधाकट परत पाठवते.

माणसाच्या जिवाचाही विचार हवाच. मृग लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत खडपावर काठी घेऊन उभे राहू नये. लाट सांगून येत नाही. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालेले आहे. त्याच्या हद्दीत कुठे काय चालते, ते वनखात्याकडे आणि मत्स्यखात्याकडे आधी विचारून घ्यावे.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्याने पावणेआठ फुटांची, मिश्र धाटणीची, फारसे नाव नसलेली काठी घेतली आणि उरलेल्या पैशांत रीळ आणि दोरा चांगला घेतला. पहिले कित्येक दिवस त्याला शेंगाळ्यांखेरीज काही लागले नाही, आणि घरच्यांनी त्याला पुरेसे बोलूनही घेतले. मग एकदा भांगाच्या दिवसांत, पाण्याला ओढ कमी असताना, कांदळवनाच्या कडेला त्याला तांबोशी लागली. ती मुळांकडे वळली; काठी अर्ध्यापर्यंत वाकली, रिळाने दोन हात दोरा सोडला आणि मासा वळला. त्या रात्री त्याच्या घरी तिखले झाले, आणि दुसऱ्या दिवशी एक वाटी माझ्याकडे आली.

पुढच्या रविवारी तो काठी घेऊन देवबागला आला होता. तात्यांनी ती हातात घेतली, दोरा धरून ओढला, वाक पाहिला आणि परत देताना एवढेच म्हणाले, “वाकता. चलात.”